कारल्याचा वेल मधेच कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र संपून आठवडा झाला तरी एक गोष्ट मनातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. आमच्या सोसायटीत यंदा भोंडला ठेवला होता, रात्री गरबा असतो त्याच्या आधी वीस मिनिटं. पोडियमवर पाट मांडला, हत्तीचं चित्र काढलं, आम्ही साठीच्या पुढच्या बायका नऊवारी नेसून खाली आलो, आणि गाणी काय तर पेन ड्राइव्हवरची, मागे तो धाडधाड बीट. 'कारल्याचा वेल' लागलं. वेल लावून झाला, वेल वाढला, फुलं आली, आणि कारली लागायच्या आतच गाणं बंद, पुढचं सुरू. मी फेरातच थांबले. शेजारची मुलगी म्हणाली अहो काकू चला ना, पण माझा पायच उचलेना, कारण सून अजून सासरीच होती हो!

ज्यांना हे गाणं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सून विचारते मी माहेरी जाऊ का, सासू म्हणते आधी कारल्याचा वेल लाव मग जा. वेल लावून येते आणि परत विचारते, तर आता वेल वाढू दे. मग फूल येऊ दे, कारली लागू दे, भाजी कर, भाजी खा, उष्टं-खरकटं काढ, एकेक काम संपलं की दुसरं तयारच, आणि दर वेळी तोच प्रश्न, आता तरी जाऊ का माहेरा. आमच्याकडे शेवटी आणा फणी घाला वेणी होतं आणि मग ती निघते. वेणी घातली की आम्ही पोरी इतक्या जोरात टाळ्या वाजवायचो की खालच्या मजल्यावरचे आजोबा ओरडायचे. तो आनंद कशामुळे, तर आधीची सगळी कामं आम्ही तिच्याबरोबर मोजलेली असायची. इतर गाण्यांचं एखादं कडवं गाळलं तर फार बिघडत नाही पण हे साखळीचं गाणं आहे, याचं सगळं बळ शेवटच्या कडीत आहे, ती काढलीत तर उरतं काय, सुनेला कामं सांगणारी सासू.

'अक्कण माती चिक्कण माती'चंही तेच. मातीत जातं रोवायचं, जात्यावर सपिटी, म्हणजे बारीक पीठ, दळायची, सपिटीच्या करंज्या, करंज्या तबकात, तबकावर शेला, शेला पालखीत आणि पालखी माहेरी. प्रत्येक ओळ मागच्या ओळीचा पदर धरून येते. माझ्या नातीला जातं, सपिटी, तबक, शेला, एकही शब्द माहीत नव्हता, करंजी तेवढी माहीत. मी तिला एका संध्याकाळी किचनच्या ओट्यावर कणीक आणि स्टीलचं ताट घेऊन हे सगळं करून दाखवलं, शेल्याऐवजी माझी ओढणी, पालखी म्हणून भाजीची टोपली. दोनदा करून झाल्यावर तिला न बघता पाठ. एक गोष्ट विसरली तर पुढची सुचतच नाही, म्हणून पोरं आपोआप लक्ष देतात, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी ही गाणी इतक्या पिढ्या तोंडावर ठेवली ती अशीच.

आता थोडं गणित, बँकेत आयुष्य गेलं त्यामुळे सवय आहे. हीच नात ख्रिसमसला शाळेत 'ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस' म्हणते. इंग्लंडमधलं जुनं गाणं, 1780 च्या सुमाराला तिकडे छापलं गेलं. रोज एक नवी भेट, कितवा दिवस तितके तिचे नग, आणि मागच्या सगळ्या भेटी परत, बारा दिवसांच्या मिळून 364 भेटी होतात. शाळेत ते पूर्ण म्हणून घेतात, कुणी म्हणत नाही की लांब आहे तर सहाव्या दिवशी थांबा. मला ते गाणं आवडतं, नातीबरोबर मीही म्हणते. पण आपला हादगा, म्हणजे भोंडलाच, तोसुद्धा असाच चढत जायचा हे किती जणांना माहीत आहे? सूर्य हस्त नक्षत्रात गेला की तिथून सोळा दिवस हादगा, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. बेरीज केली तर 136 वेळा गाणं होतं, आणि काही घरांत खिरापतीसुद्धा तशाच रोज एकेक वाढत. गिरगावात आमच्या चाळीत एवढं जमायचं नाही, नऊच दिवस करायचो, पण नवव्या दिवशी नऊ गाणी आणि नऊ डबे ओळखायचे, आणि डबा हलवून आवाजावरून खिरापत ओळखण्यात माझा कुणी हात धरायचं नाही. विदर्भात भुलाबाई मांडतात, त्यांची गाणी वेगळी, चाल वेगळी, पण माहेरची ओढ तीच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मीटिंगमध्ये एकीने सुचवलं की 'अक्कण माती'तलं शेवटचं, सासर द्वाड आहे, कोंडून मारतं, ते बदलूया, लहान मुलं असतात, निगेटिव्ह वाटतं, सासरही छान असं काहीतरी घालूया. तिचा हेतू वाईट नव्हता. पण मी सांगितलं की ही ओळ राहू दे, त्या ओळीसाठीच गाणं आहे. या गाण्यांतल्या सुना केवढ्या होत्या याचा विचार करा. मुलींचं लग्नाचं वय कमीत कमी 14 असावं असा शारदा कायदा 1929 साली आला, म्हणजे त्याआधी काय परिस्थिती असेल. आपल्याच मुंबईतल्या रखमाबाई, लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांच्या, पुढे त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, आणि 1887 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. पुढे त्या डॉक्टर झाल्या. पण ज्यांच्याकडे वकील नव्हता, शिक्षण नव्हतं, त्या हजारो मुलींनी काय केलं असेल, त्यांनी अंगणात फेर धरला आणि सासूच्या देखत म्हटलं की सासर द्वाड आहे. खेळातलं गाणं म्हणून कुणाला रागावता येत नव्हतं. तेवढी एक जागा होती बोलायची आणि तीच आपण पुसायची? दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांच्यासारख्यांनी लोकसाहित्यासाठी आयुष्य वेचलं ते जसं आहे तसं टिकावं म्हणूनच ना.

ही गाणी जुनी झाली, आता कोण ऐकतं, असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. 'नाच गं घुमा' बघा, मंगळागौरीचं गाणं, शिंपी आला नाही, सोनार आला नाही, साडी नाही, दागिना नाही, मग कशी मी नाचू, हीसुद्धा एकावर एक चढत जाणारी यादीच. माधवी देसाईंनी आत्मचरित्राला तेच नाव दिलं आणि 2024 मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला, घरकामाची बाई आणि नोकरी करणारी बाई यांच्यावरचा. दोघांनाही नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही, मराठी बाईला तो आतून कळतो. सिरियलमध्ये तर नवरात्र आलं की भोंडल्याचा एपिसोड ठरलेलाच, फक्त तिथेही दोन ओळी झाल्या की कॅमेरा खलनायिकेच्या डोळ्यांवर जातो. रील तर तीस सेकंदांचं. त्यात ठेका बसतो, नऊवारी दिसते, नथ दिसते, पण माहेर येत नाही. मुलींना दोष देणार नाही, त्यांनी पूर्ण गाणं कधी ऐकलेलंच नाही तर त्या कुठून म्हणणार, चाळी गेल्या, गिरगावातली आमची माणसं विरार-डोंबिवलीला पांगली, गॅलरी नाही, आज्याही आता फ्लॅटचं दार लावूनच बसतात.

म्हणून संपादकांना एक विनंती. नवरात्रातले नऊ रंग पेपरांनीच घराघरात नेले, आज लोकलच्या लेडीज डब्यात चढलं की सगळा डबा एका रंगाचा असतो, ऑफिसात, बँकेत, हॉस्पिटलात सगळीकडे. तुम्ही एक चौकोन छापता आणि अख्खी मुंबई त्याप्रमाणे कपडे घालते, एवढी ताकद आहे. पुढच्या वर्षी त्या चौकोनाशेजारी रोज एक भोंडल्याचं गाणं छापा, अख्खं, एकही कडी न गाळता, नऊ दिवसांची नऊ. सकाळी आठच्या फास्टमध्ये बोरिवली ते चर्चगेट तासभर असतो, त्यात चार गाणी आरामात होतात, आणि याला स्पीकर लागत नाही, वीज लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. गाण्यांत गावोगाव फरक आहेत, वाचकांकडून त्यांच्या घरचे शेवट मागवा, पत्रांचा पाऊस पडेल बघा.

माझ्या आईची एक वही आहे माझ्याकडे, शाईच्या पेनाने लिहिलेली, काही पानांवर तेलाचे डाग आहेत पण अक्षर लागतं. त्यात सतरा गाणी आहेत. पानांचे फोटो काढून पाठवायची माझी तयारी आहे, तुम्ही फक्त कळवा. आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशी 'कारल्याचा वेल' घ्या, वेणी घालून होईपर्यंत.

आपली नम्र,
एक वाचक, बोरिवली (पश्चिम), मुंबई