मुलासमोर बसलेले वडील

संपादक महोदय,

‘कलेने पोट भरते का?’ वडिलांच्या या प्रश्नावरून घर सोडलेले आणि कला सोडलेले, दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिले आहेत. मी चित्रे काढते. तीन वर्षे आम्ही बापलेक जेवढ्यास तेवढेच बोलत होतो.

फ्रेंच चित्रकार पॉल सेझान यांची हकिगत म्हणूनच मला जवळची वाटते. वडील आधी टोप्यांचे व्यापारी, मग बँकेचे भागीदार. त्यांच्या इच्छेखातर सेझान कायदा शिकू लागले आणि मध्येच सोडून चित्रकलेकडे वळले. वडील नाराज होते, पैशांवरून ताणाताणीही झाली. पण १८८६ मध्ये ते गेल्यावर त्यांच्याच संपत्तीमुळे मुलाची पोटापाण्याची चिंता मिटली. त्याआधी, १८६६ मध्ये, सेझान यांनी वर्तमानपत्र वाचणाऱ्या वडिलांचे मोठे चित्र रंगवले. खुर्चीमागच्या भिंतीवर मुलाचेच एक छोटे चित्र आहे. वडिलांची त्याकडे पाठ आहे, पण ते मुलासमोर बसले, हे मला फार मोठे वाटते.

कलाकार मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. वडिलांना कलेचा अर्थ पटवत बसू नका, तिच्यातले काम दाखवा: किती तास लागतात, रंग का तडकतो, हिशेब कसा ठेवता. मी वडिलांना फक्त चौकटीचा कोपरा नीट का बसत नाही, एवढेच विचारले. त्यांनी चष्मा लावला, टेप काढला आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघे मापे घेत होतो.

– एक चित्रकार वाचक