मेंदूचे वजन आणि सोफिया नदेज्दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या शिकवणीत नववीला मेंदूचा धडा चालू होता. एका मुलाने हात वर करून सांगितले, "बाई, बायकांचा मेंदू दहा टक्क्यांनी लहान असतो, म्हणून त्यांना गणित जमत नाही. मोबाईलवर आलंय." वर्गात हशा पिकला. दुसऱ्या बाकावरची मुलगी फळ्यावरची आकृती उतरवत होती. तिने पेन खाली ठेवले, आणि तास संपेपर्यंत काही ते उचलले नाही. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळते आहे.

हा "दहा टक्के" आकडा मला जुना ओळखीचा आहे. १८८२ साली रोमानियात तो भर व्याख्यानात मांडला गेला होता, आणि मांडणारे होते तितू मायोरेस्कू. त्या देशातले सर्वांत वजनदार समीक्षक, शिक्षणमंत्रीपद भूषवलेले, पुढे पंतप्रधानही झाले. ज्यांची कवटी दहा टक्क्यांनी लहान, त्यांच्या हाती राष्ट्राचे भवितव्य कसे सोपवायचे, असा त्यांचा सवाल होता. त्यांना छापील उत्तर दिले सोफिया नदेज्दे या तिथल्याच लेखिकेने. त्या वेळी त्या जेमतेम पंचविशीच्या होत्या.

१८५६ साली बोतोशान गावी जन्म, अठराव्या वर्षी लग्न, पुढे सहा मुले. याश शहरातल्या सराऱ्ये रस्त्यावरचे त्यांचे घर म्हणजे समाजवादी तरुणांचा अड्डाच होता. पती योआन शिक्षक होते. समाजवादी विचारांपायी १८८१ मध्ये त्यांची नोकरी गेली. त्याच वर्षी या मंडळींनी 'कॉन्तेम्पोरानुल', म्हणजे 'समकालीन', हे नियतकालिक काढले. बड्या प्राध्यापकांच्या शालेय पुस्तकांतल्या ढोबळ चुका या नियतकालिकाने चव्हाट्यावर आणल्या. चाळीस वर्षे खडू हातात धरलेल्या मला या एवढ्यासाठीच ही माणसे आपली वाटतात. सोफियाबाईंनी त्याआधीच, १८७९ मध्ये, मारिया फ्लेख्तेनमाखेर या नटीने बुखारेस्टमध्ये चालवलेल्या 'रोमानियन स्त्री' या पत्रातून स्त्रियांच्या प्रश्नावर लिहायला सुरुवात केली होती.

मायोरेस्कूंना दिलेल्या उत्तरात त्यांनी आधी मोजमापालाच हात घातला. मेंदू नुसता तराजूत टाकून चालत नाही, तो शरीराच्या वजनाशी ताडून पाहावा लागतो, आणि तसा पाहिला तर बाईचा मेंदू कुठे कमी भरत नाही, हे त्यांनी शास्त्रज्ञांचे आकडे पुढे ठेवून दाखवले. भावनेला हात घालणे सोपे होते, पण त्या आकड्याला आकड्यानेच भिडल्या. वजनच बघायचे तर हत्तीचा मेंदू पाच किलोच्या आसपास, काही देवमाशांचा आठ किलोच्या घरात आणि माणसाचा अवघा सव्वा-दीड किलोचा. हे मी त्या तासाला फळ्यावर लिहिले. ज्याने दहा टक्क्यांचे सांगितले होते तोच म्हणाला, "मग देवमाशाला दहावीला बसवा!" या वेळी ती दुसऱ्या बाकावरचीही हसली.

प्रामाणिकपणे सांगायला हवे, की शरीराशी काढलेले प्रमाण हाही आज अखेरचा पुरावा मानत नाहीत. त्या हिशेबाने चिचुंद्रीच्या काही चिमुकल्या जाती आपल्याला मागे टाकतात. त्यामुळे मला सोफियाबाईंचा दुसरा मुद्दा जास्त जोरकस वाटतो: मुलींना मुलग्यांसारखे शिकू द्यायचे नाही, कमवू द्यायचे नाही, आणि मग त्या मागे का, म्हणून कवट्या मोजत बसायचे! रोमानियाच्या तेव्हाच्या दिवाणी कायद्यात विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय कितीतरी व्यवहार करता येत नसत. ते बंधन उठायला १९३२ उजाडले. सोफियाबाईंनी पुढे कथा, नाटके, कादंबऱ्या लिहिल्या आणि १९४६ मध्ये बुखारेस्टला देह ठेवला. रोमानियात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला तोही त्याच वर्षी.

याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापली गेली. वर्तमानपत्रांतून बायकांवर होणाऱ्या चिखलफेकीने त्या पेटून उठल्या होत्या. एक रोमानियातल्या मोल्डाव्हिया प्रांतात, एक वऱ्हाडात. दोघींना एकमेकींचा पत्ताही नसणार. ताराबाई आता आपल्या मुलांना निदान नावाने तरी माहीत आहेत. सोफियाबाईंविषयी मराठीत दोन ओळी शोधायच्या म्हटल्या तर माझ्यासारखीची दमछाक होते.

आपल्या वृत्तपत्राची आठ मार्चची पुरवणी मी दरवर्षी जपून ठेवते. त्यात इंग्लंड-अमेरिकेच्या स्त्रिया वारंवार भेटतात, पूर्व युरोपातली एकही नाही. माझी विनंती एवढीच, की सोफियाबाईंचे ते उत्तर कुणा रोमानियन जाणणाऱ्याकडून मराठीत करून घ्या आणि छापा. तेही महिलांच्या पुरवणीत नको, मुलांच्या विज्ञानाच्या पानावर. त्यातले आकडे आजच्या माहितीशी पडताळून देण्याचे काम मी आनंदाने करीन. अंक आला की पहिली प्रत दुसऱ्या बाकावर जाईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कराड