"घरी मागं कोण आहे?" विचारणाऱ्या ताईंस

ताई, नमस्कार.

आम्ही पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या आशा कार्यकर्त्या. आमच्याकडची आजारी मुलं नाशिकला मुलांच्या वॉर्डात येतात, ती तिथल्या समाजसेविका म्हणून तुमच्याच भरवशावर. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही पुढचा केसपेपर ओढता, म्हणून हे जाहीरपणे लिहितोय.

तुमचा एक प्रश्न आम्हाला विसरता येत नाही. मूल दाखल झालं की तुम्ही आईकडे आधी रेशनकार्ड मागत नाही. विचारता, "घरी मागं कोण आहे?"

मूल अर्ध्या उपचारातून डामा (डॉक्टरांचा सल्ला डावलून सुट्टी) घेऊन का जातं, ते बहुतेक वेळा या प्रश्नाच्या उत्तरात सापडतं. केसपेपरवर 'नातेवाईक ऐकत नाहीत' एवढंच पडतं. घरी धाकटं पोर शेजारणीकडे टाकलेलं असतं, शेळ्या दावणीला असतात, नवरा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत असतो आणि मुकादमाची उचल फिटलेली नसते. त्यात ताप उतरला की आईला वाटतं, झालं बरं. इंजेक्शनांचा कोर्स अर्धा राहतो आणि तेच मूल आणखी खालावून परत येतं. तुम्ही पहिल्या दिवशीच विचारता, त्यामुळे आम्हाला वेळेवर निरोप मिळतो. धाकट्याला अंगणवाडीत बसवता येतं, आजीला बोलावता येतं, मुकादमाशी बोलता येतं. आई वॉर्डात टिकते.

पैशाकडेही तुम्ही असंच पाहता. कुपोषित मुलांसाठीच्या पोषण पुनर्वसन केंद्रातला मुक्काम साधारण 14 दिवसांचा. आईला बुडीत मजुरी मिळते, पण ती बँकेत जमा होते, आणि खातं असतं नवऱ्याच्या नावावर, नाहीतर तिचंच खातं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं. म्हणून पासबुकाची झेरॉक्स दाखल होतानाच बघायची, हे तुमच्याकडून शिकलो. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण, घरी परतायचं एसटीचं भाडं आणि डिस्चार्जनंतर 10 दिवसांपर्यंतचा पाठपुरावा, हे सगळं धरलेलं असतं. भाडं मागता येतं हेच कुणाला ठाऊक नसतं. ते हातात पडल्याशिवाय तुम्ही कुटुंबाला निघू देत नाही.

याआधी एका ठिकाणी काय काय पाहिलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या योजनेच्या खिडकीवर कागद एकेक करून सांगायचे. रेशनकार्ड आणलं, तर त्यात बाळाचं नाव नाही. जन्मदाखला आणला, तर त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी. ती भरून आणली, तर आधारवर आईचं नाव वेगळं. दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडायची, वर एसटीचं तिकीट. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागेल, हे सगळ्यात शेवटी कळायचं, आणि हातात पडायला सगळ्यात जास्त दिवस त्यालाच लागतात. खिडकीतल्या माणसाला ही यादी तोंडपाठ होती. एकदम सांगायला त्याचं काय जात होतं? तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात, हेही तिथे कुणी बोललं नाही. हा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही वेळखाऊ कागद आधी सांगता आणि नावातला फरक पहिल्याच दिवशी शोधता. योजनेत न बसणाऱ्या मुलाला "आमच्याकडे होत नाही" म्हणून वाटेला लावत नाही. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्याच लागतात. तिथे कुणाला भेटायचं आणि उत्पन्नाचा दाखला कसा पुढे करायचा, हे तुम्ही समजावून सांगता. तो आपला हक्क आहे हे कळलं की बापाची मान वर राहते.

तुमचा आवाज कधी कधी चढतो, तो आम्हालाही ऐकावा लागलाय. पण आईला खुर्ची दिल्याशिवाय तुम्ही बोलणं सुरू करत नाही, आणि तिला 'ए बाई' म्हणत नाही, नावानं हाक मारता. एवढी रीत प्रत्येक खिडकीवर असती तर कितीतरी मुलं वेळेत बरी झाली असती.

येत्या मंगळवारी आरबीएसकेच्या (सरकारच्या बालआरोग्य कार्यक्रमाच्या) शाळा तपासणीत सापडलेली दोन मुलं पाठवतोय. दोघांच्याही हृदयात जादा आवाज ऐकू आलाय. पथकाची संदर्भपत्रं, रेशनकार्डं, नाव भरलेले जन्मदाखले सोबत आहेत. एका आईचं खातं अजून उघडायचंय, पोस्टात अर्ज दिलाय. सुरगाण्याची शेवटची एसटी सुटायच्या आत त्यांची टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) उरकली तर फार बरं होईल.

तुमच्या,
पेठ-सुरगाण्याच्या आशा