तांबड्या कडीची तलंग

कोरेगाव, जि. सातारा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलणं होतंच. तरी पत्र लिहितोय, कारण ताई फोन स्पीकरवर टाकते आणि मागून दाजी हसत असतात. मला जे सांगायचंय ते तसं सांगता येत नाही.

परवा पिल्लांना तीन आठवडे झाले. आठ निघाली. पाच काळी, तीन पारवी. बाबा, पारवी! कोंबडा आणला तेव्हा विकणाऱ्याने रंगाचं नाव लव्हेंडर सांगितलं होतं. आई लगेच म्हणाली, "अरे, हा तर पारवा." तेव्हापासून आपल्या घरात तेच नाव.

आई, अंडी तुझ्या तांबड्या गावरान कोंबडीखाली ठेवली. मशीनला एकवीस दिवस सलग ३७.५ अंश लागतात आणि इथे लाईटचा भरवसा नाही. दिवाळी झाली तशी ती खुडूक झाली, अंडी घालायचं थांबवून बसून राहायला लागली. तू ठेवायचीस तशी रात्री अंधारात, पोटाखाली हात सरकवून, एकेक अंडं ठेवलं. खालच्या भुसकटात खिळाही टाकला. ह्या दिवसांत वीज कुठली कडाडते, पण नको विषाची परीक्षा. अंडी अकरा. आपल्या ह्या बुटक्या जातीचं, बँटमचं, अंडं जेमतेम तीस ग्रॅमचं, त्यामुळे तुझ्या कोंबडीने आणखी चार-पाच सहज झाकली असती. तू कौलातून येणाऱ्या कवडशात अंडं धरून बघायचीस, मी सातव्या रात्री मोबाईलच्या बॅटरीवर बघितलं. नऊ अंड्यांत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं, दोन कोरी निघाली. विसाव्या दिवशीच टिचायला सुरुवात झाली. बुटक्या जाती कधी कधी एक दिवस आधी येतात. एक पिल्लू टिचवूनही बाहेर येऊ शकलं नाही. मी मदत केली नाही. तू कधी करू द्यायची नाहीस, म्हणून.

आता बाबा, आखाडाचं.

काकांकडची मंडळी जेवायला आली आणि तुम्ही माझ्या चारपैकी तीन काळ्या कोंबड्या कापायला दिल्या. मी साताऱ्याहून परत येईपर्यंत रस्सा उकळत होता. तुमचं म्हणणं होतं, "पारव्या रंगासाठी एवढे पैसे घातलेस आणि निघालं काय, सगळं काळंच. फसलास." त्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुम्ही जन्मभर पोरांना नुसतं पुस्तक वाचून दाखवलंत." मग आठ दिवस बोललो नाही. ते वाक्य अजून मला रात्री आठवतं. माझं चुकलं, बाबा. तुम्ही पुस्तक वाचून दाखवत नव्हता. नववीत तुम्ही फळ्यावर उंच आणि बुटका वाटाणा काढलात, तो तर मी अजून विसरलो नाही. ५,४७४ गोल बिया आणि १,८५० सुरकुतलेल्या, हे मेंडेलचे आकडे तुम्ही वही न बघता लिहायचात.

चूक माझीही होती. काय करतोय ते तुम्हाला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही ओळखाल. पण वाटाणा फळ्यावर असतो तेव्हा वेगळं आणि कोंबडी अंगणात शिटत फिरते तेव्हा वेगळं.

पारवा रंग अप्रभावी. काळ्या कोंबडीवर पारवा कोंबडा सोडला की पहिली पिढी सगळी काळी, तुमच्या उंच वाटाण्यासारखी. पण त्यातल्या प्रत्येकीत पारवा दडलेला असतो. मग काळी आणायचीच कशाला? पारव्याला पारवा पिढ्यान्‌पिढ्या देत गेलं की पिसं झिजल्यासारखी होतात, शेपटीची तर जुन्या केरसुणीसारखी. आपल्या कोंबड्याची शेपटी आठवा. म्हणून मध्ये काळं रक्त घालावं लागतं. वाटाण्यांनंतर कोंबड्यांतही हे नियम चालतात, हे विल्यम बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये तुऱ्यांच्या आकारावरून दाखवलं. तुम्हाला ते आवडेल म्हणून लिहिलं.

चौथी वाचली ती आईमुळे. हे तुम्हाला माहीत नसेल. आईने तिला गोठ्यात डालग्याखाली घातलं, वर गोणपाट टाकलं आणि तुम्हाला सांगितलं, "ती खुडूक आहे, तिला हात लावू नका." बाबा, ती सहा महिन्यांची तलंग होती. तिने तोवर एक अंडं घातलं नव्हतं. खुडूक कुठून होणार? विज्ञानाच्या मास्तरांनी एवढं तरी विचारायचं!

त्याच तलंगेला पुन्हा पारवा कोंबडा दिला. तो तिचा बाप, म्हणजे आई नाक मुरडणार. एकदाच केलंय, पुढे बाहेरचीच काळी आणणार आहे. ह्या जोडीत निम्मी पारवी यायला हवीत. आठात चार आली नाहीत, तीनच आली. पण मेंडेलकडे हजारो बिया होत्या, माझ्याकडे आठ पिल्लं आहेत. आणि ती पाच काळीही फुकट नाहीत, बापच पारवा असल्यामुळे पाचहीजणांत तो रंग आहेच.

पिल्लू निघालं तेव्हा पारवं कुठलं ते लगेच कळलं. काळ्यांची पाठ काळी आणि पोट पिवळट, ही तिघं धुरकट. आता पंखांत खरी पिसं फुटलीत. ओल्या फडक्याने पुसलेला फळा वाळताना मध्येच जसा दिसतो ना, तसा तो रंग आहे. काठाला गडद रेघ नाही, एकसारखा. काठ गडद असेल तर तो निळा, वेगळाच प्रकार, आणि बाजारात तोच पारवा म्हणून गळ्यात मारतात. मी पहिल्या वर्षी तसा एक घेतलाय, पण तो किस्सा दाजींसमोर नको. गंमत म्हणजे ह्या पिसांतही रंग काळाच असतो. रंगाचे कण सारखे न पसरता गुठळ्या होऊन बसतात, म्हणून आपल्याला राखाडी दिसतं.

सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस दिली, डोळ्यात एकेक थेंब. लस बर्फातून आणावी लागते, त्यासाठी आईचा चहाचा थर्मास नेला होता. धुऊन ठेवलाय, आई, दोनदा. एक पारवं घारीने उचललंच होतं, तुझी तांबडी तिच्या अंगावर गेली म्हणून सुटलं. पाठीवरची थोडी पिसं गेलीत, बाकी ठीक आहे. तेव्हापासून वर जुनी मच्छरदाणी ताणलीय.

ताईच्या हाती देण्यासाठी दोन किलो वाघ्या घेवडा निवडून ठेवलाय. आई, गुडघ्याचा व्यायाम चुकवू नकोस, ताई मला सगळं सांगते. बाबा, डोळ्यांत थेंब घालायला विसरत असाल तर मोबाईलवर गजर लावून घ्या.

संक्रांतीला याल तेव्हा अंगणात आणखी काळ्या कोंबड्या दिसतील. काळ्या तलंगेच्या पायात तांबडी कडी घातलीय आणि काळ्या पिल्लांच्या पायांतही थोडी मोठी झाली की घालणार आहे. तांबड्या कडीची कोंबडी पाहुण्यांना नुसती दाखवायचीसुद्धा नाही, बाबा. काकांना तर अजिबात नाही.

तुमचा,
बाळू