चांदबिबीच्या हाती थापी

महोदय,

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यालगतच्या बागेत रोज फिरायला येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हा किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीची राजकन्या चांदबिबी हिच्या लग्नात आंदण म्हणून विजापूरकरांना मिळाला होता? (पुढे त्यावरून भांडणे झालीच, ते असो.)

माझ्या भाचीने चित्रस्पर्धेत चांदबिबी काढली. घोडा नाही, उगारलेली तलवार नाही. १५९५-९६ च्या मुघल वेढ्यात अहमदनगरच्या तटाला पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले, तो प्रसंग. ओढणी कमरेला खोचलेली, कोपरापर्यंत चुना, हातात गवंड्याची थापी. परीक्षक म्हणाले, ‘वीरश्री दिसत नाही.’ मला तर तीच दिसली!

जुन्या दख्खनी चित्रांत ती हातावर ससाणा घेऊन निघालेली असते. तिकडे अमेरिकन कलाकार ज्युडी शिकागोने १९७९ मध्ये एका कलाकृतीत ३९ कर्तबगार स्त्रियांसाठी त्रिकोणी मेजावर जेवणाची पाने मांडली. त्यात रोमनांशी लढलेल्या राणी बोडिसियाचेही पान आहे. आपण मात्र कॅलेंडरवरची गोरीपान, दागिन्यांनी मढलेली वीरांगनाच भिंतीभिंतीवर उतरवतो. किल्ल्याजवळची एखादी भिंत कॉलेजच्या मुलींना रंगवायला द्या. नमुन्याचे चित्र मात्र हाती देऊ नका.

– एक वाचक, सोलापूर