पश्याला पत्र : स्टेकची चौकशी

डॅलस
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय पश्या,

तुझा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमधे होतो आणि हसू आवरेना. म्हणे ऑक्टोबरमधे तीन आठवडे डॅलसला येतोय, सगळ्यात भारी स्टेक कुठं मिळतो ते एका ओळीत सांग. एका ओळीत! लेका, तू कोल्हापूरचा ना? तुला कुणी विचारलं की तांबडा-पांढरा सगळ्यात भारी कुठं मिळतो, तर सांगशील का एका ओळीत? आधी अर्धा तास भांडशील, मग त्याला गाडीवर बसवून घेऊन जाशील. माझंही तसंच झालंय. म्हणून पोरं झोपल्यावर हा मेलच लिहायला घेतला, व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाकलं तर तू नुसता अंगठा दाखवून मोकळा होशील.

आणि तू शेवटी हळूच विचारलंयस की 'तू खातोस का रे ते, घरी चालतं का'. खातो. स्टेक म्हणजे गाईच्या मांसाचा, बीफचा, भाजलेला जाड तुकडा, तो मी बाहेर खातो, घरात करत नाही, मनीला चालत नाही आणि आईला माहीत आहे पण तिनं विषय कधी काढला नाही, मीपण काढला नाही, असं आमचं बारा वर्षं छान चाललंय. तुला नको वाटलं ऐनवेळी तर बहुतेक स्टेकहाऊसमधे लॅम्ब चॉप नाहीतर पोर्क चॉप असतो, कुणी तुझ्याकडे वळून बघणार नाही.

तर माझा पहिला स्टेक. २०१४ साल, इथं येऊन तीन महिने झाले होते, कंपनीचं डिनर, डाउनटाउनमधलं एकदम अंधारं महागडं हॉटेल, मेनू वाचायला मोबाईलचा टॉर्च लावावा लागला. मेनूत सगळ्यात महाग होता तो फिले, मी म्हटलं कंपनीच देतीय, तोच घेऊ. वेटरनं विचारलं कसा भाजू? समोरच्या साहेबाच्या ताटात गुलाबी पाणी दिसत होतं, ते बघून माझ्या पोटात कालवलं आणि मी म्हटलं वेल डन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण भाजलेला, एकदम वेल डन. आलं ते काय होतं सांगू, कोल्हापुरी चपलेचा तळवा, आणि तोसुद्धा तेल न लावलेला. चावून चावून कानशिलं दुखली. बरं त्याच्याबरोबर ताटात काहीच नाही, बटाटा वेगळा, पालक वेगळा, प्रत्येकाचे वेगळे डॉलर. पुढं वर्षभर मी सगळ्यांना सांगत होतो की स्टेक म्हणजे गोऱ्या लोकांचं उगाच कौतुक आहे.

आता कळतंय की निम्मी चूक माझी होती. फिले म्हणजे जनावराच्या कण्याखालचा, अजिबात काम न करणारा स्नायू, म्हणून मऊ, पण त्यात चरबी जवळजवळ नसतेच. चरबी नाही आणि वरून कडक भाजला, मग उरणार काय? उरलेली निम्मी चूक त्या वेटरची, त्याला हे माहीत होतं आणि तो गप्प बसला. चांगल्या जागेची माझी पहिली खूण तीच झाली आता, की ऑर्डर देताना तो माणूस तुला अडवतो की नाही. आपला मटणवाला नाही का, 'रस्सा करायचाय की सुकं' विचारल्याशिवाय सुरा उचलत नाही.

आणि ते गुलाबी पाणी रक्त नसतं बरं का. रक्त तिकडं कत्तलखान्यातच निघून जातं. हे मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, स्नायूत ऑक्सिजन साठवणारं, त्याचा रंग लाल, उष्णता लागली की तपकिरी होतं. हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली. उरलेली अर्धी 'कच्चं खाऊन आजारी पडलो तर' ही होती, तर अखंड तुकड्यात जंतू असतात ते मुख्यतः वरच्या पृष्ठभागावर, तो जबरदस्त आचेवर भाजला जातोच, आतलं गुलाबी राहिलं तरी सहसा काही होत नाही. खिम्याचं तसं नाही, त्यात वरचं सगळं आत मिसळतं, म्हणून बर्गर मात्र पूर्ण शिजलेलाच मागायचा, तिथं हिरोगिरी नको. सरकारी सल्ला विचारशील तर तो स्टेकलासुद्धा आतून १४५ फॅरनहाइटचा आहे, म्हणजे आपल्या ६३ सेल्सिअसचा. मीडियम रेअर, म्हणजे आत चांगला गुलाबी ठेवलेला, त्याच्या खाली येतो, साधारण १३० ते १३५, म्हणजे ५४-५७ सेल्सिअस. तू पहिल्यांदा मीडियम, म्हणजे त्याहून जरा जास्त भाजलेला, माग. दुसऱ्यांदा तूच खाली येशील, बघ.

आता मुद्दा. इथले लोक 'बेस्ट स्टेक' म्हटलं की हॉटेलचं नाव सांगतात आणि मला वाटतं तिथंच गाडी चुकते. आपण रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभं राहायचो तेव्हा आबा दुकानाच्या नावावर गेलेले मला आठवत नाहीत, ते लटकलेलं बोकड बघायचे आणि सांगायचे सीना दे, चाप दे, गर्दनीचं थोडं टाक, मांडीचं नको आज. स्टेकचं अगदी हेच आहे, फक्त इथं बोकड समोर लटकत नाही, मेनूतल्या शब्दांवरून ओळखायला लागतं.

जो भाग राबतो तो चिवट, पण चवीला दांडगा. जो बसून खातो तो मऊ आणि अळणी. पाय, खांदा, छाती हे राबणारे, म्हणून टेक्सासवाले छातीचा ब्रिस्केट बारा-बारा तास धुरावर ठेवतात, तो बार्बेक्यूचा विषय, त्याचं वेगळं पत्र लिहावं लागेल. स्टेक येतो पाठीच्या बाजूचा. त्यात माझा गडी म्हणजे रिबआय, बरगडीजवळचा, मांसात पांढऱ्या चरबीची बारीक जाळी पसरलेली असते, तिला हे लोक मार्बलिंग म्हणतात, भाजताना ती वितळून आतल्या आत फोडणी दिल्यासारखं होतं. स्ट्रिप म्हणजे त्याच्या मागचा, पाठीचाच तुकडा, जरा कमी चरबीचा, जास्त घट्ट, तोपण चांगला. टी-बोन आणि पोर्टरहाऊस म्हणजे हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला फिले, फरक एवढाच की पोर्टरहाऊस म्हणायला फिलेची बाजू सव्वा इंच तरी रुंद लागते, टी-बोनला अर्धा इंच चालतो. दोघांत एक घ्यायचा असेल तर पोर्टरहाऊस घेऊ. आणि टॉमाहॉक म्हणून कुऱ्हाडीसारखा दांडा असलेला येईल, फोटोला फार भारी दिसतो, तो रिबआयच असतो रे, हातभर हाडाचे पैसे आपण देतो. बरं ते हाड फोडून नळीही मिळत नाही.

ग्रेडचं बघ. सरकारी शिक्का असतो, वरून खाली प्राइम, चॉइस, सिलेक्ट, मुख्यतः त्या चरबीच्या जाळीवर ठरतो. मेनूत प्राइम लिहिलं असेल तर विचारायचं की सगळं प्राइम आहे का एक-दोनच. बिनधास्त विचार, इथं कुणी रागवत नाही. 'अँगस' लिहिलेलं बघून मात्र भुलू नकोस, ती जनावराची जात आहे, ग्रेड नव्हे. 'आमच्याकडं हापूस आहे' म्हणण्यासारखं झालं, हापूस आहे ते कळलं, पण गोड आहे का? 'कोबे' दिसलं तर जास्तच सावध. खरं कोबे जपानच्या ह्योगो प्रांतातलं, अमेरिकेत अगदी मोजक्या ठिकाणी मिळतं, बाकी ठिकाणी अमेरिकन वाग्यू असतं, म्हणजे वाग्यू या जपानी गुरांचा बहुतेक वेळा अँगसशी केलेला संकर. वाईट नसतो, पण भाव जपानचा लावतात.

ड्राय एज्ड हा प्रकार एकदा खा. मांस थंड खोलीत उघड्यावर तीन-चार आठवडे टांगून ठेवतात, पाणी उडतं, आतली एन्झाइम्स धागे सैल करतात, वरची वाळलेली साल कापून टाकतात, त्यामुळं वजन घटतं आणि भाव चढतो. चवीला जरा सुक्यामेव्यासारखं, जरा जुन्या चीजसारखं लागतं. मला आवडतं, मनीचा भाऊ म्हणाला वास येतोय. तुला सुक्या बोंबलाची सवय आहे, तुला चालेल.

आणि वजन, ते विसरायलो होतो. मेनूत औंस लिहिलेले असतात ते कच्च्याचे. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, म्हणजे १६ औंस जवळजवळ साडेचारशे ग्रॅम. आपल्यात त्यात सगळं घर जेवतं. पण लहान घ्यायचा म्हणून पातळ घेऊ नकोस, पातळ तुकडा बाहेरून रंगेपर्यंत आत शिजूनच जातो. जाड घ्यायचा आणि वाटून खायचा. आपण दोघं आहोतच.

एक सापळा सांगतो नाहीतर फजिती होईल. टेक्सासमधे 'चिकन फ्राइड स्टेक' नावाचा पदार्थ सगळीकडे मिळतो. त्यात चिकन नसतं! गाईच्याच मांसाचा ठोकून पातळ केलेला तुकडा, पिठात घोळवून फ्राइड चिकनसारखा तळलेला, म्हणून ते नाव, वरून पांढरी ग्रेव्ही. आमच्या ऑफिसात सांगलीकडचा एक पोरगा नवीन आलेला, बीफ न खाणारा, त्यानं लंचला चिकन समजून तेच मागवलं होतं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो, ताट येताना दिसलं तसा इतक्या जोरात ओरडलो की वेट्रेसच्या हातातलं ताट पडता पडता राहिलं. अजून तो मला दिवाळीला आठवणीनं फोन करतो.

जागांचं म्हणशील तर तुला एक दिवस फोर्ट वर्थला नेणार, डॅलसपासून पाऊण तास. त्या गावाचं टोपणनावच काऊटाऊन. १८७६ ला तिथं रेल्वे आली, १९०२ ला आर्मर आणि स्विफ्ट या कंपन्यांनी मांसाचे मोठे कारखाने टाकले, सगळ्या टेक्सासची गुरं तिथं येऊन विकली जायची. त्या स्टॉकयार्ड्समधे, म्हणजे गुरांच्या बाजाराच्या आवारात, आता टुरिस्ट फिरतात आणि दिवसातून दोनदा लाँगहॉर्न गुरं रस्त्यावरून मिरवत नेतात, शिंगं बघून तू वेडा होशील, आपल्या खिल्लारांची आठवण येते. तिथलं कॅटलमेन्स स्टेकहाऊस १९४७ पासून चालू आहे, ते बघू.

अमॅरिलोला जायचा हट्ट मात्र धरू नकोस. तिथल्या बिग टेक्सनमधे ७२ औंसाचा स्टेक असतो, म्हणजे दोन किलो, बरोबर कोळंबी, बटाटा, सॅलड आणि पाव, सगळं एका तासात संपवलं तर फुकट, नाही संपलं तर पैसे भर. तू पंगतीत जिलब्यांची पैज लावायचास म्हणून आधीच सांगतोय. गाडीनं साडेपाच तास जायचं आणि स्टेजवर बसून घड्याळाकडं बघत खायचं, त्याला मी जेवण म्हणत नाही.

चेन हॉटेलांना लोक नाकं मुरडतात, मी नाही मुरडत. टेक्सास रोडहाऊस घे, नावात टेक्सास, सुरुवात इंडियानात, १९९३ ला, पण त्यांच्याकडे दारातच काचेच्या पेटीत कच्चे तुकडे मांडलेले असतात आणि आपला आपण निवडता येतो. माझ्या सगळ्या शास्त्राचा उगम अशाच एका काचेत आहे, ते सांगतो.

२०१९ ला आबा-आई इथं आले होते. फोर्ट वर्थच्याही पुढं पश्चिमेला, रँच बघायला म्हणून एका रविवारी गेलो आणि येताना भूक लागली तर हायवेलगत एक पत्र्याचं शेड दिसलं, बाहेर पिकअप गाड्या, मागं लाकडांचा ढीग. आबा उतरल्या उतरल्या ढिगाकडं गेले आणि म्हणाले, "ही तर वेडी बाभूळ!" खरंच होतं, मेस्कीट म्हणतात तिला इथं, आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. त्याच लाकडावर भाजत होते. आत मेनू म्हणजे एक पाटी, चार प्रकारचे स्टेक, बटाटा, बीन्स, बस्स. आणि काचेत मांडलेलं मांस.

आबा बीफ खात नाहीत हे तुला माहीत आहे, कधीच नाही खाल्लं. मी म्हटलं मी पण आज चिकन घेतो, तर म्हणाले, "तू खातोस न्हवं? मग खा की." आणि माझ्या आधी काचेसमोर जाऊन उभे. चष्मा कपाळावर, हात मागं, अगदी शिवाजी पेठेतल्या दुकानात उभे राहायचे तसे. काउंटरवरचा टोपीवाला म्हातारा एक मोठा लालभडक तुकडा उचलायला लागला तर आबांनी काचेवर बोट आपटलं. "ह्यो नगं, त्यो. तिकडचा. चरबी कशी बारीक पसरल्या बघ." त्या म्हाताऱ्याला मराठी कशी कळणार, पण बोट कळलं. त्यानं तो तुकडा उचलला, आबांकडं बघितलं आणि मला म्हणाला की हा मी स्वतःसाठी ठेवला असता. मग दोघं पाच मिनिटं एकमेकांशी बोलत होते, एक इंग्रजीत आणि एक मराठीत, हाडाकडं बोट दाखवून. मी मधे पडलोच नाही.

भाजून आल्यावर त्यानं लगेच कापू दिला नाही, पाच मिनिटं थांब म्हणाला, नाहीतर सगळा रस ताटात जातो. वर नुसतं मीठ-मिरी. बाहेरून करपता करपता राहिलेला, आत गुलाबी. पश्या, त्यानंतर आजवर मी ज्यांचं बिल टिप धरून दोनशे डॉलरच्या घरात जातं असेही स्टेक खाल्ले, पण तसा एकही नाही खाल्ला. आई शेजारी बसून बटाटा खात खिडकीबाहेर बघत होती. आबांनी मात्र मी कापताना वाकून आतला रंग बघितला आणि म्हणाले, "जमलंय."

ते शेड अजून चालू आहे, मागच्या महिन्यात जाऊन आलो. फोनवर बुकिंग घेत नाहीत, लवकर जावं लागतं. तुझा पहिला शनिवार मोकळा ठेव. आपण सातच्या आत काचेसमोर पोचू, म्हणजे तिकडं रविवार पहाटेचे साडेपाच, आबा तेव्हा उठून चहा घेत बसलेले असतात. व्हिडिओ कॉल लावू आणि फोन काचेवर धरू, कुठला घ्यायचा ते तेच सांगतील.

फ्लाइटचा नंबर पाठव. आणि कांदा-लसूण मसाला दोन किलो, जास्त नको, मागच्या वेळी कस्टमवाल्यानं पिशवी उघडली आणि शिंकत बसला.

तुझा,
राजा