पाळकसाहेब आणि चर्चच्या पंच कमिटीला, पाच वर्षं उशिरा

पाळकसाहेब, सलाम. तुमच्यात सलामच म्हणतात हे मला तुमच्याकडं यायला लागल्यावर कळलं, आधी मी नमस्कार करायचे आणि तुम्ही हसून तोच परत करायचे.

हे आभाराचं पत्र खरं तर २०२० लाच लिहायचं होतं. २५ मार्चला लॉकडाऊन लागलं अन सोलापूरच्या पूर्वभागात विडी कारखाने बंद, पॉवरलूम बंद, सगळंच ठप्प. विडीवाल्या बायकांचं कसं असतं, पानं-तंबाखू घरी आणायची, वळायची, माल जमा केला की हजारावर मजुरी. पानंच मिळंनात तर वळणार काय? आमच्या गल्लीतल्या एक आजी रिकामं सूप मांडीवर घेऊन दारात बसायच्या, हाताला सवय ओ, पत्र्याच्या मापानं रद्दी पेपरच पानासारखा कापत बसायच्या. त्यांना बघून आम्ही पाचजणींनी जेवणाचे डबे सुरू केले आणि तीन आठवड्यात पैसे संपले.

तुमच्याकडं मदत मागायला आले तेव्हा चर्चलापण कुलूप. रविवारची उपासना बंद म्हणजे दानाची पिशवीच फिरत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तरी तुम्ही पंचांना फोन लावले, चौथ्या दिवशी पंचवीस हजाराचा चेक, पुढं अजून दोनदा. आमच्यासारख्या आणखी दोघा-तिघांना दिलात तेपण बाहेरूनच कळलं. अन त्यातले बरेच पैसे कापणीच्या सणातल्या लिलावाचे होते, चर्चच्या रंगासाठी ठेवलेले. भिंती अजून तशाच आहेत, मी बघते ना येताजाता.

किट तर सगळेच देत होते. तांदूळ, तेल, फोटो. एकानं आजींच्या हातातली पिशवी परत घेऊन दुसऱ्यांदा दिली, का तर पहिल्या फोटोत बॅनर आलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, नेमकं अडतंय कुठं? मी भीत भीत सांगितलं, सिलिंडर, आणि डबे पोचवणाऱ्या पोराचं पेट्रोल. ह्याला कोण पैसे देत नाही ओ. तुम्ही म्हणालात, लिहा त्यात. कुठल्या जातीधर्माच्या बायका हे एकदाही विचारलं नाहीत. हिशोब मात्र असा मागितलात की बास, मीठ-काडेपेटीची पावतीपण, आणि कमिटीतल्या मॅडमनी दोनदा माझी बेरीज चुकलेली काढली. तेव्हा लई राग आलेला. आता तीच वही दाखवली की बाकीचे लोक मदत देतात.

सप्टेंबर २०२५ ला सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडं घरं पाण्यात, तेव्हा तर तुमचाच फोन आला, ह्यावेळी काय अडतंय म्हणून. चूल पेटवायला कोरडी जागा नाही तिथं तांदूळ काय कामाचा, म्हणून कडक भाकरी अन शेंगाचटणी ठरली, किती दिवस ठेवा काय होत नाही. भाकरी थापायला विडीवाल्या बायका बसल्या, मजुरी तुमच्या पैशातनं. काहीजणी म्हणल्या पुराच्या कामाला मजुरी नको, मी म्हणलं चर्चनं तसं लिहूनच दिलंय, घ्यायलाच लागंल. (खोटं सांगितलं. माफ करा.)

आणि हां, चर्चचं मोठं भगुनं लॉकडाऊनपासनं आमच्याकडंच आहे, एका बाजूनं चेमटलंय. रविवारी उपासना सुटल्यावर रिक्षात घालून आणते, गेटवर कुणाला तरी थांबायला सांगा, एकटीला उचलत नाही ते.